चुकांची वंशावळ

२०२१ च्या पावसाळ्यात एक प्रबंध वाचताना मला माझीच एक जुनी चूक भेटली. प्रबंध पीएच.डी.चा होता, अठराव्या शतकातील गावगाड्यातल्या पाणीवाटपावर होता, आणि 'शोधगंगा'वर सर्वांना वाचायला खुला होता. चौथ्या प्रकरणात सातारा जिल्ह्यातील एका वतनदार घराण्याच्या दप्तरातले निवाडपत्र आले. दोन वाड्यांमध्ये पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून लागलेला तंटा, गोताने बसून केलेला निवाडा, आणि शेवटी साल : 'सलास तिसैन मया व अलफ', म्हणजे इसवी सन १७९२-९३. तळटिपेत संदर्भ दिला होता तो थेट मूळ कागदाचा : अमुक घराण्याचे दप्तर, अमुक रुमाल, मोडी.

तो कागद मी २००६ साली एका त्रैमासिकात लिप्यंतरासह छापला होता. त्या लेखाचा प्रबंधात कुठेही उल्लेख नव्हता. संदर्भसूचीतही नव्हता. तरीही तो प्रबंध माझ्या लेखावरून लिहिला आहे हे मी कोणासमोरही सिद्ध करू शकलो असतो, कारण मूळ कागदावर 'तिसैन' हा शब्दच नाही. तिथे 'सितैन' आहे.

जुन्या मराठी कागदांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहीत. सलास म्हणजे तीन, सितैन म्हणजे साठ, तिसैन म्हणजे नव्वद, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मृगापासून सुरू होणाऱ्या या सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे कागद ११६३ चा, इसवी सन १७६२-६३ चा. मी वाचला ११९३ चा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, आणि 'सितैन'-'तिसैन' या शब्दांत दोन अक्षरे जागा बदलून बसली आहेत. घाईच्या डोळ्याला ती बदललेली दिसत नाहीत. कागदात पेशव्याचे नाव 'माधवराव' आले होते, त्यानेही मला सावध केले नाही. १७६२ साली थोरले माधवराव गादीवर होते, १७९२ साली सवाई माधवराव. नाव दोन्हीकडे बसत होते.

ज्याने मूळ कागद स्वतः वाचला असता त्याने कदाचित बरोबर वाचला असता, कदाचित माझ्यासारखेच चुकीचे वाचले असते. परंतु माझ्या लिप्यंतरात आणखी दोन ठिकाणी मी शब्द गाळले होते. प्रबंधात तेच दोन गाळलेले होते. तीन चुका, तिन्ही त्याच जागी. असा योगायोग होत नाही.

या लेखात मला त्या प्रबंधाबद्दल फार बोलायचे नाही. ज्या व्यवस्थेत तो लिहिला गेला तिच्याबद्दल आणि ज्या माणसाने ती चूक बाजारात आणली त्याच्याबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, बोलायचे आहे. त्यासाठी मी दोन मजकूर शेजारी ठेवून वाचणार आहे. एक आहे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक विनियम. दुसरा आहे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या ग्रंथात जोडलेली प्रस्तावना, 'प्रोलेगोमेना'. पहिला कायद्याच्या भाषेत आहे, दुसरा पाठचिकित्सेच्या. पण प्रश्न दोघांपुढे एकच आहे : समोर आलेल्या लिखाणावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

१

आयोगाच्या विनियमांची व्याख्या वाचली तर ती चांगली आहे. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे, असे वाङ्मयचौर्य तिथे सांगितले आहे. 'कल्पना' हा शब्द त्यात आहे हे महत्त्वाचे. पण व्याख्येनंतर शिक्षेची पायरी येते आणि तिथे कल्पना नाहीशी होते, उरते टक्केवारी. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. ६० च्या वर गेले तर नोंदणी रद्द. साम्य मोजताना सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळलेले शब्द वगळायचे.

साम्य मोजते यंत्र. २०१९ पासून 'शोधशुद्धी' या योजनेखाली विद्यापीठांना 'उरकुंड' ही आज्ञावली पुरवण्यात आली. यंत्राला जे दिलेले असते त्याच्याशीच ते ताडून पाहते. आमच्यासारख्यांचे लेख ज्या त्रैमासिकांत, गौरवग्रंथांत, दिवाळी अंकांत पडून असतात, ते बहुतेक यंत्राच्या नजरेत नाहीत. पण समजा, माझा लेख त्यात असता तरी काय झाले असते? प्रबंधकर्तीने माझी वाक्ये घेतलेली नाहीत. तिने सर्व स्वतःच्या शब्दांत लिहिले आहे, आणि चांगल्या मराठीत लिहिले आहे. माझ्याकडून जे घेतले ते दोन शब्द : 'सलास तिसैन'. चौदा शब्दांच्या गाळणीतून दोन शब्द सहज खाली पडतात.

म्हणून मला वाटते, आपण चोरी कशाची झाली हेच ओळखलेले नाही. 'वाङ्मयचौर्य' या शब्दानेच आपली वाट चुकवली. त्या शब्दामुळे मनात येते ते वाङ्मय, म्हणजे शब्द. आणि शब्द म्हणजे मालमत्ता. मग मालकाचे किती टक्के नेले याचा पंचनामा सुरू होतो. संशोधनात मात्र शब्दांहून मोलाची गोष्ट वेगळी आहे : 'मी हे पाहिले आहे' ही ग्वाही. तळटीप म्हणजे दुसरे काही नसते. मी त्या घरी गेलो, रुमाल सोडला, कागद उलगडला, वाचला, असे ती सांगते. न पाहिलेल्या कागदाची तळटीप देणारा माणूस वाक्य चोरत नाही, दुसऱ्याचे पाहणे चोरतो. या चोरीत नुकसान माझे फारसे होत नाही. नुकसान होते ते पुढच्या वाचकाचे, कारण त्याच्या हिशेबात तो कागद आता दोघांनी स्वतंत्रपणे पाहिला आहे. एका साक्षीदाराचे दोन झाले. चूक होती ती दुप्पट खरी झाली.

हे केवळ मोडीच्या रुमालात घडते असे नाही. चंदीगढच्या पंजाब विद्यापीठातील जीवाश्मतज्ज्ञ वि. जि. गुप्ता यांचे प्रकरण १९८९ साली ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात मांडले. हिमालयात सापडले म्हणून वर्षानुवर्षे जाहीर केलेले जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅम्सडेल ओढ्यात किंवा मोरोक्कोत मिळणाऱ्या जीवाश्मांशी इतके जुळत होते, की ते हिमालयातले असणे शक्य नव्हते. त्या लेखांवर देशोदेशींच्या नामवंत सहलेखकांची नावे होती. नमुना हातात आला, त्याचे वर्णन त्यांनी केले. तो जिथून आला असे सांगितले गेले ती जागा त्यांनी पाहिली नव्हती. तिथे वाक्य कोणाचेच चोरीला गेले नव्हते. साम्य मोजणारे यंत्र त्या शेकडो लेखांवर फिरवले असते तरी हाती काही लागले नसते. टॅलेंट यांना खोटेपणा सापडला तो नात्यावरून : या वस्तूचे कूळ जिथले सांगितले आहे तिथले नाही, हे ओळखून.

कूळ ओळखण्याची ही विद्या आपल्याकडे पुण्यात फार पूर्वी उत्तम अवस्थेला पोचली होती.

२

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले आणि दोनच वर्षांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले गेले. १९२५ साली सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे भारतविद्येचा अभ्यास केलेला हा माणूस. १९४३ साली ते वारले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम चालवले, आणि १९६६ साली एकोणीस खंड पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षांचे काम. सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण शेवट पाहायला उरले नाहीत.

'प्रोलेगोमेना' ही शंभराहून अधिक पानांची इंग्रजी प्रस्तावना आहे. संस्कृत न येणाऱ्या माझ्यासारख्याने ती वाचावी का, असे मला पूर्वी वाटे. मोडी वाचायला लागल्यावर एका ज्येष्ठ मित्राने ती हातात दिली आणि म्हणाला, "महाभारत बाजूला ठेव. हा माणूस चुकांशी कसा वागतो ते बघ." गेली वीसेक वर्षे मी ती त्यासाठीच अधूनमधून काढतो.

पाठचिकित्सेचे एक मूलभूत तत्त्व असे की दोन पोथ्यांत बरोबर पाठ समान असला तर त्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. बरोबर पाठ दोघींनाही मूळ संहितेकडून, स्वतंत्र वाटांनी मिळालेला असू शकतो. समान चूक मात्र नाते सांगते. एकच ओळ दोघींत गळली असेल, एकच शब्द सारखाच बिघडला असेल, तर एकीने दुसरीवरून उतरवले, किंवा दोघींनी तिसरीवरून. पोथ्यांची वंशावळ चुकांवरून मांडतात. आदिपर्वाच्या पोथ्यांच्या बाबतीत ही वंशावळ सरळ मांडता येत नाही, हेही सुकथनकरांनी सांगितले आहे. लेखक एका पोथीवरून उतरवताना शेजारी दुसरी ठेवत, तिच्यातले चांगले वाटेल ते आपल्या पोथीत घेत. त्यामुळे पोथ्या मिसळलेल्या आहेत. म्हणून त्यांनी एकेका पोथीची वंशावळ काढण्याचा हट्ट सोडला आणि लिपी व प्रांतानुसार परंपरा पाडल्या. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. उत्तर आणि दक्षिण या दूरच्या परंपरा जिथे एकमताने बोलतात तिथला पाठ विश्वसनीय. नियम चालत नाही असे दिसले तेव्हा तो कुठे चालत नाही ते लिहिले, आणि मग दुसरा केला.

त्या आवृत्तीतील तीन सवयी मला संशोधनाच्या सचोटीबद्दलच्या कुठल्याही विनियमाहून जास्त शिकवून गेल्या.

पहिली सवय : काढले ते फेकले नाही. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत असलेली कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूने पडला नाही. परंतु ती नष्ट केलेली नाही. परिशिष्टात ती पूर्ण छापली आहे. कर्णाला द्रौपदी नाकारते त्या ओळी तळटिपेत गेल्या. पुढे सभापर्वात फ्रँक्लिन एजर्टन यांनी द्रौपदीचा कृष्णाचा धावाही असाच खाली नेला. वाचकाला संपादकाचा निवाडा मान्य नसेल तर निवाडा उलटवायला लागणारा सगळा पुरावा त्याच पानावर खाली आहे. स्वतःच्या विरोधातली कागदपत्रे वाचकाच्या हाती देणारा हा न्यायाधीश.

दुसरी सवय : नागमोडी रेघ. संहितेतला जो शब्द संपादकाला पुरेसा निश्चित वाटत नाही, त्याच्याखाली बारीक नागमोडी रेघ ओढलेली असते. आदिपर्व उघडून कुठलेही पान पाहावे, रेघा दिसतात. मुख्य संहितेत, मोठ्या टाइपात, मान्यवर संस्थेच्या नावाखाली एक माणूस सांगतो आहे की इथे माझी खात्री नाही.

तिसरी सवय : छापल्यावरही तपासत राहणे. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून एक जुनी नेपाळी पोथी उपलब्ध झाली. ग्रंथ छापून झाला होता, जगभर वाखाणला गेला होता. सुकथनकरांनी ती पोथी आपल्या छापील संहितेशी ताडली आणि त्यावर संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्या पोथीने त्यांच्या निवाड्यांना पुष्कळ बळ दिले, हे त्यांचे भाग्य. पण ताडायला बसताना ते ठाऊक नव्हते.

या आवृत्तीवर टीका झालीच नाही असे नाही. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे होते की नवी संहिता घडवण्याच्या भरीस पडू नये. प्रचलित पाठ छापून खाली पाठभेद द्यावेत. अनेक परंपरांतून वेचून केलेली ही संहिता अशी म्हणून कधी कोणी वाचली होती का, हा आक्षेप आजही फेटाळून लावता येत नाही. सुकथनकरांनी लेव्हींना उत्तर दिले ते त्याच प्रस्तावनेत, त्यांचे मत नीट मांडून. आपली संहिता ही व्यासांची मूळ संहिता नव्हे, उपलब्ध पोथ्यांच्या आधारे पोचता येते ती सर्वांत जुनी अवस्था आहे, एवढाच दावा त्यांनी केला. दावा कुठे थांबतो हे दावा करणाऱ्यानेच सांगितल्यामुळे टीकाकाराला नेमके कुठे बोट ठेवायचे ते कळते.

३

आता पुन्हा प्रबंधाकडे. बऱ्याच विचाराने मी प्रबंधकर्तीला फोन केला. त्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. मी नाव सांगताच पलीकडे थोडा वेळ शांतता झाली.

"सर, रुमाल मी पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलेही नव्हते. "दोनदा गेले होते. घरातले आजोबा आजारी होते, कपाटाची किल्ली मुंबईला थोरल्या मुलाकडे. तिसऱ्यांदा जायचे तर तासांचे पैसे कापले जात होते."

"मग तळटिपेत माझा लेख का नाही दिलात मॅडम? तेवढ्याने भागले असते."

"दिला होता. पहिल्या खर्ड्यात होता. गाइड म्हणाले, मूळ साधन हवे, लेख दुय्यम. शिवाय ते त्रैमासिक कुठल्याच यादीत नाही, आणि..." त्या अडखळल्या. "आणि लेखक कुठल्या विद्यापीठाचे, असे बाहेरचे परीक्षक विचारतील. काढून टाका म्हणाले."

म्हणजे माझे नाव चोरीसाठी काढले नव्हते. ते प्रतिष्ठेसाठी काढले होते. मान्यता नसलेल्या माणसाचा प्रामाणिक संदर्भ देण्यापेक्षा न पाहिलेल्या कागदाचा खोटा संदर्भ देणे त्या व्यवस्थेत जास्त सुरक्षित होते. खरे सांगितले असते तर गुण गेले असते. खोटे सांगितले म्हणून पदवी मिळाली. अशा ठिकाणी एकट्या विद्यार्थिनीला चोर म्हणणे मला जमले नाही.

ही 'यादी' कशी आली, तिचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. २००९ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक संशोधनपर लेख प्रसिद्ध झालेला असणे बंधनकारक केले. २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकांशी बांधल्या गेल्या. लेखाला गुण, पुस्तकाला गुण, परिसंवादाला गुण. मागणी इतकी वाढल्यावर पुरवठा करणारेही उगवले. पैसे भरा, आठवड्यात लेख छापून घ्या. त्यांना आवरायला २०१७ साली आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशींवरून त्या यादीत शिरलेली १,००९ नियतकालिके तपासली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले : ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चाले. २०२२ साली पीएच.डी.पूर्वीच्या लेखाची सक्ती गेली. २०२५ च्या आरंभी 'केअर' यादीही बंद झाल्याचे जाहीर झाले.

पंधरा वर्षांत एवढे वळसे. हेतू चांगले होते आणि तपासणी करणारी माणसे कष्टाळू होती. तरीही प्रत्येक वेळी इलाज एकाच जातीचा झाला : लेख न वाचता त्याची किंमत कशी ठरवायची? यादीवरून, टक्क्यांवरून, गुणांकावरून. प्रबंधाचे दोन परीक्षक, एक मार्गदर्शक आणि एक समिती, यांपैकी एकाने जरी म्हटले असते, 'या निवाडपत्राचे छायाचित्र दाखवा,' तर सगळा प्रश्न तिथेच सुटला असता. त्याला ना यंत्र लागते ना विनियम.

१९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केले, तेव्हा सरकारी अनुदान नव्हते, पदवी नव्हती, बढती नव्हती. होत्या त्या पाक्षिक सभा. ज्याला कागद सापडला त्याने तो सभेपुढे वाचायचा, आणि समोर बसलेल्या जाणत्यांनी हरकती घ्यायच्या. त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याची मला गरज वाटत नाही. राजवाड्यांची मते पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावत, त्यांचे स्वतःच्या मंडळाशीही बिनसले, आणि त्या सभांत कोणत्या जातीची माणसे बसत व कोणती बसत नसत हेही आपल्याला ठाऊक आहे. पण एक गोष्ट त्यांत होती : कागद न पाहता मत मांडणे तिथे अवघड होते. कागद टेबलावर असे.

४

आता माझा हिशेब.

ती चूक मला २०२१ साली कळली नाही. २०१४ सालीच कळली होती. त्याच घराण्याच्या दुसऱ्या रुमालात त्याच तंट्यातले एक कबूलपत्र सापडले. तीच माणसे, तोच पाट, आणि वर स्पष्ट लिहिलेले : शके १६८४, चित्रभानु नाम संवत्सर. शके १६८४ म्हणजे इसवी सन १७६२-६३. मी १७९२ धरले होते, त्या शके १७१४ चे संवत्सर परिधावी. शंकेला जागाच नव्हती. जुने छायाचित्र काढून पाहिले. 'सितैन' लख्ख दिसत होते. आठ वर्षे ते तिथेच होते.

मी त्यावर काही लिहिले नाही. कारणे तयार होती. त्रैमासिक तोवर बंद पडले होते. दुरुस्ती छापायची कुठे? कागद लहान, गाव लहान. कोणाला फरक पडतो? खरे कारण वेगळे होते. १७९१-९२ साली दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता. माझ्या लेखाचा सगळा डौल त्यावर उभा होता : दुष्काळ सरला, पाण्याची किंमत कळली, म्हणून गोताने पाळ्या नव्याने बांधल्या. मांडणी सुबक होती. लोकांना आवडली होती, दोन ठिकाणी व्याख्यानेही झाली होती. साल तीस वर्षे मागे गेले की दुष्काळ नाहीसा होतो आणि लेखात उरते एक साधे निवाडपत्र. आज मला कळते की त्या सुबकपणामुळेच मी साल दुसऱ्यांदा वाचले नाही. जो निष्कर्ष आपल्याला फार आवडतो, त्याच्या पुराव्यावर आपण सर्वांत कमी वेळ घालवतो.

आणखी एक भीती होती. मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. मोडी शिकलो ते सुट्टीच्या दिवशी, एका निवृत्त मोडी वाचकाजवळ बसून. विद्यापीठातल्या माणसाची चूक ही चूक असते. आमच्यासारख्याची चूक ही लायकी नसल्याचा पुरावा ठरते, असे मला वाटे. अजूनही थोडे वाटते. पण मग माझ्यात आणि त्या मार्गदर्शकांत काय फरक राहिला? त्यांनी प्रतिष्ठेसाठी माझे नाव झाकले, मी प्रतिष्ठेसाठी माझी चूक झाकली. २०१४ साली मी चार ओळींची दुरुस्ती कुठेही छापली असती, तर पुढच्या अभ्यासकाला ती सापडण्याची शक्यता तरी राहिली असती.

विद्यापीठाकडे तक्रार करायला मी एक पत्र लिहून ठेवले होते. ते पाठवायचे तर चोरी सिद्ध करण्यासाठी माझी चूक सांगावी लागणार होती, आणि मी ती सात वर्षे दडवली हेही. पत्र तसेच राहिले. आज वाटते, न पाठवलेलेच बरे. त्यात शिक्षा मागितली होती. दुरुस्ती मागितली नव्हती.

संशोधनातला अप्रामाणिकपणा कमी करायचा तर चोराला पकडणे आवश्यक आहेच. बनावट जीवाश्म आणि विकत घेतलेले लेख यांना क्षमा असू नये. परंतु त्याहून आधी चूक कबूल करणे स्वस्त करावे लागेल. आज ते अतिशय महाग आहे. प्रबंधात 'हे वाचन शंकास्पद' असे लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत धाप लागते. विद्यापीठांच्या संशोधनपत्रिका चाळाव्यात. दुरुस्तीचे पान किती अंकांत सापडते? पन्नास वर्षांत आपल्या कोणाचीच चूक झाली नाही, असे तर नसेल. नागमोडी रेघ ओढायला जागा ठेवली नाही, की माणसे शंकेच्या जागीही सरळ रेघ ओढू लागतात. मोडी कागदावर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मूळ कागदाचे छायाचित्र परिशिष्टात जोडायला सांगावे. ज्याने कागद पाहिला नाही त्याला 'अमक्याच्या लेखावरून' असे लिहिण्याची मुभा असावी, आणि ते लिहिल्याबद्दल एकही गुण कापू नये. खर्च शून्य आहे.

त्या बाईंना मी दोन्ही कागदांची छायाचित्रे पाठवली. त्यांनी ती स्वतः लावून पाहिली आणि मला फोनवर एक शब्द विचारला, जो माझ्या लिप्यंतरात गाळलेला होता. 'मोटस्थळ' आहे का, म्हणाल्या. मी पुन्हा पाहिले. 'मोटस्थळ'च आहे. त्यांचा प्रबंध आता बदलता येत नाही. पुढच्या लेखात साल बदलणार असल्याचे त्या म्हणाल्या. त्यात माझा आणि त्यांचा स्वतःचा, दोन्ही संदर्भ चुकीचे म्हणून देणार आहेत.

हे लिहिताना १७६२ हे साल पाहून माझे मन पुन्हा धावले. त्याच वर्षी माधवराव आणि रघुनाथराव यांच्यात फूट पडली, आळेगावला लढाई झाली. निवाड्यामागे ही अंदाधुंदी असेल का? मांडणी पुन्हा सुबक होऊ लागली होती. पण कागदात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मीही ते म्हणत नाही.

आता दुरुस्ती, जी अकरा वर्षांपूर्वी यायला हवी होती. २००६ साली मी प्रसिद्ध केलेल्या पाटपाण्याच्या निवाडपत्राचे साल 'सलास तिसैन मया व अलफ' असे छापले आहे, ते 'सलास सितैन मया व अलफ', म्हणजे इसवी सन १७६२-६३, असे वाचावे. १७९१-९२ च्या दुष्काळाशी त्या निवाड्याचा मी जोडलेला संबंध निराधार आहे. तो मागे घेतो. गाळलेल्या दोन शब्दांपैकी एक 'मोटस्थळ' असा आहे. दुसरा मला अजून लागलेला नाही. ज्यांनी तो लेख वापरला असेल त्यांनी ही दुरुस्ती नोंदवावी, आणि ज्यांना मोडी येते त्यांनी छायाचित्र मागून घेऊन माझे हे वाचनही तपासावे.